टिपणारे डॉक्टर : टी. सी. जर्डन



मराठीत ‘टिपणे’ हे क्रियापद तीन वेगवेगळ्या कामांसाठी वापरले जाते. फायरिंग रेंजवर नेमबाज लक्ष्य टिपतो. वर्गात विद्यार्थी फळ्यावरचे मुद्दे टिपून घेतो. आणि परेड ग्राउंडच्या कडेला तारेवर बसलेला कोतवाल पक्षी उडता किडा हवेतल्या हवेत टिपतो. पहिली दोन कामे ज्यांनी जन्मभर या तिसऱ्याच्या मागे लागून केली, अशा एका लष्करी डॉक्टरांची ओळख मी या पानावर करून देणार आहे. त्यांचे नाव थॉमस कॅव्हरहिल जर्डन.

मी मूळचा मध्य प्रदेशातील पाटनचा. जबलपूरपासून तीसेक किलोमीटरवर, हिरन नदीच्या परिसरातले हे तहसीलचे गाव. गहू, हरभरा आणि हिरव्या वाटाण्याची शेती. पक्ष्यांची पुस्तके चाळू लागलो तेव्हा जर्डन हे नाव सारखे भेटू लागले. एका धाविक पक्ष्याला त्यांचे नाव, एका चंडोलाला त्यांचे नाव, एका हिरव्या पर्णपक्ष्याला, एका ससाण्यासारख्या शिकारी पक्ष्याला, एवढेच काय, एका विषारी सापालाही त्यांचेच नाव. हा माणूस होता तरी कोण, म्हणून शोध घेतला. तेव्हा कळले की ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यातले डॉक्टर होते, महाराष्ट्रात जालन्याच्या छावणीत राहिले होते आणि पुढे आमच्या शेजारच्या सागरलाही होते.

जर्डन यांचा जन्म १२ ऑक्टोबर १८११ रोजी इंग्लंडमधील डरहॅम परगण्यात झाला. शिक्षणासाठी ते एडिंबरो विद्यापीठात गेले. तिथे आधी साहित्य आणि निसर्गशास्त्र, मग वैद्यक असा त्यांचा प्रवास झाला. पदवीनंतर कंपनीच्या नोकरीत असिस्टंट सर्जन म्हणून त्यांची निवड झाली आणि फेब्रुवारी १८३६ मध्ये ते मद्रासला उतरले. वय अवघे चोवीस.

पहिली कामगिरी पूर्व किनाऱ्यावरच्या गंजाम भागात मिळाली. तिथे सैनिक तापाने आणि हगवणीने आजारी पडत होते. तो ताप कशाने येतो हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. दलदलीची दूषित हवा हेच कारण मानले जाई. डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू आढळले ते १८९७ साली, सिकंदराबादला, आणि ते शोधणारे रोनाल्ड रॉस हेही लष्करी सेवेतलेच डॉक्टर. म्हणजे जर्डन रुग्णांची नाडी पाहत होते तेव्हा एक लहानसा कीटक त्यांच्या कानाशी गुणगुणत होता, आणि त्याचा अपराध उघड व्हायला आणखी साठ वर्षे लागणार होती. कीटकांकडे आणि कीटक खाणाऱ्यांकडे बारकाईने पाहणे हा केवळ हौसेचा विषय नाही, हे एवढ्यावरून लक्षात यावे.

रुग्णालयातून सवड मिळाली की जर्डन पूर्व घाटाच्या डोंगरात पक्षी पाहत हिंडत. मार्च १८३७ मध्ये त्यांची बदली दुसऱ्या लाइट कॅव्हलरीत झाली. आधी त्रिचनापल्ली आणि मग रेजिमेंटबरोबर जालना. घोडदळाचा डॉक्टर म्हटल्यावर छावणी हलली की त्यालाही हलावे लागे. लष्करात असलेल्या पालकांना हे वेगळे सांगायला नको. बदली आली की सामान बांधायचे आणि निघायचे. जर्डन यांनी या बदल्यांची कुरकुर केली नाही, उलट त्यांचाच उपयोग करून घेतला. प्रत्येक मुक्कामावर कोणता पक्षी दिसला आणि कोणता दिसला नाही, हे ते लिहून ठेवू लागले.

सुरुवातीलाच त्यांना एक धडा मिळाला. गोळा केलेल्या पक्ष्यांची कातडी त्यांनी ओळख पटवण्यासाठी स्कॉटलंडमधील प्रसिद्ध तज्ज्ञ सर विल्यम जार्डिन यांच्याकडे पाठवली. महिनोन्‌महिन्यांचा बोटीचा प्रवास. पेटी उघडली तेव्हा आतल्या नमुन्यांना कसर लागलेली होती. जन्मभर किडे खाऊन जगलेल्या पक्ष्यांना अखेर किड्यांनीच खाल्ले! जर्डन यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. परदेशातल्या मोठ्या माणसाच्या शिक्क्याची वाट पाहत बसायचे नाही. पक्षी जिथे जिवंत आहे तिथे आपण उभे आहोत, तेव्हा आपणच नीट पाहायचे, मोजायचे आणि ठरवायचे.

जालन्याच्या काळात, १८३९ आणि १८४०च्या सुमारास, त्यांची दक्षिण भारतातील पक्ष्यांची सूची मद्रासच्या एका शास्त्रीय नियतकालिकात छापून आली. १८४१ साली त्यांचा विवाह फ्लोरा मॅकलाउड यांच्याशी झाला. फ्लोराबाईंना वनस्पतींची, विशेषतः ऑर्किडची, आवड होती आणि चित्रकलाही येत होती. घरात दोघेही टिपणारे! पुढे मद्रासहून पक्ष्यांच्या पन्नास रंगीत चित्रांचा एक संग्रहही जर्डन यांनी प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी भारतीय चित्रकारांकडून चित्रे काढून घेतली होती.

यानंतर ते नेल्लोरला सिव्हिल सर्जन झाले. या भागातल्या काटेरी झुडपांच्या माळरानात त्यांना एक अनोळखी धाविक पक्षी मिळाला. मोठे डोळे, लांब पाय, छातीवर दोन आडवे पट्टे. कलकत्त्याच्या संग्रहालयातील एडवर्ड ब्लाइथ यांनी १८४८ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. हा पक्षी रात्री बाहेर पडतो आणि जमिनीवर धावत वाळवी आणि मुंग्या टिपतो. हाच तो जर्डनचा धाविक. त्याची पुढची कथा शेवटी सांगतो.

नेल्लोरनंतर जर्डन मलबार किनाऱ्यावर तेल्लिचेरीला गेले. पक्षी काय खातात हे पाहायचे तर खाद्यही ओळखता आले पाहिजे, नाही का? १८५१ साली त्यांनी दक्षिण भारतातील मुंग्यांची सूची प्रसिद्ध केली. पश्चिम घाटात आढळणारी, लांब जबड्यांची, उडी मारून भक्ष्य पकडणारी मुंगी शास्त्राला प्रथम त्यांनीच सांगितली. तिच्या लॅटिन नावाचा अर्थही उडी मारणारी असाच आहे. म्हणजे ही मुंगी स्वतःच कीटकभक्षी! आपण कीटकभक्षी म्हटले की पक्षी आणि प्राणीच आठवतो, पण कीटक खाणाऱ्यांत कीटकही असतात, कोळीही असतात, पाली-बेडूकही असतात.

पुढे त्यांची नेमणूक सागरला झाली. आमच्या पाटनहून वायव्येला गेले की हा सागरचा मुलूख लागतो. एके काळी तिथे मराठ्यांचा अंमल होता, नंतर तो प्रदेश कंपनीकडे गेला आणि त्या छावण्यांत मद्रासच्या पलटणी येऊ लागल्या. जर्डन त्यांच्याबरोबर आले. साग आणि पळसाची जंगले, काळी माती, नर्मदेचे खोरे, हा सारा मुलूख त्यांनी पाहिला आणि टिपला. परक्या सत्तेच्या सैन्यातला हा माणूस होता, हे विसरण्याचे कारण नाही. पण ज्या मातीत तो आला तिच्याकडे त्याने अभ्यासकाच्या डोळ्यांनी पाहिले, हेही तितकेच खरे.

एवढ्या वर्षांच्या नोंदी साठल्यावर त्यांनी एक मोठे काम हाती घ्यायचे ठरवले. त्या वेळी भारतातल्या पक्ष्यांवर एकत्रित असे पुस्तकच नव्हते. जे होते ते निरनिराळ्या नियतकालिकांत विखुरलेले. छावणीतल्या तरुण अधिकाऱ्याला समोरचा पक्षी ओळखायचा तर सगळे ग्रंथालयच बरोबर न्यावे लागले असते. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग यांनी या कामासाठी जर्डन यांना नेहमीच्या ड्युटीतून मोकळे केले. ‘बर्ड्‌स ऑफ इंडिया’ हा त्यांचा ग्रंथ १८६२ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात हजारांहून अधिक पक्ष्यांची वर्णने आहेत. तो छापला गेला कलकत्त्याच्या मिलिटरी ऑर्फन प्रेसमध्ये, म्हणजे सैनिकांच्या अनाथ मुलांच्या संस्थेशी जोडलेल्या छापखान्यात. आपल्यासारख्या शाळेच्या अंकात ही गोष्ट नोंदवलीच पाहिजे.

या ग्रंथाची मांडणी अभ्यासण्यासारखी आहे. आधी पक्ष्याचे शास्त्रीय नाव. मग लोक त्याला काय म्हणतात ते : हिंदी, बंगाली, तेलुगू, काही ठिकाणी मराठीही. मग रंग, लांबी, चोच, शेपटी यांची मापे. शेवटी तो कुठे आढळतो, कसा वागतो आणि काय खातो. म्हणजे एखाद्या जवानाच्या नोंदपत्रकासारखेच : नाव, गाव, शरीराची मापे, काम.

लोकांची नावे पुस्तकात घेण्याला मी फार महत्त्व देतो. त्याचे कारण माझ्या घरात आहे. आमचे घर मराठी, गल्ली हिंदी. विजेच्या तारेवर बसून मधमाश्या आणि चतुर पकडणाऱ्या हिरव्या पक्ष्याला आई वेडा राघू म्हणायची आणि शेजारी पतरिंगा म्हणायचे. आई ज्याला खाटीक म्हणायची, तो बाहेर लटोरा व्हायचा. नीलपंख अंगणाबाहेर गेला की नीलकंठ. एकाच पक्ष्याची दोन नावे, आणि दोन्हींत वेगवेगळी माहिती. खाटीक हे नाव तो काय करतो ते सांगते. पकडलेला नाकतोडा किंवा सरडा हा पक्षी बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो, दुकानात मांस टांगावे तसा. कोतवाल हे नाव स्वभाव सांगते. घार असो वा कावळा, घरट्याजवळ आला की हा त्याच्यामागे लागून त्याला पिटाळतो. म्हणून दुबळे पक्षीही त्याच्या झाडावर घरटी बांधतात. कोतवालाच्या चौकीशेजारी राहिलेले बरे, हे त्यांनाही समजते.

किडे पकडण्याच्या पद्धतींनाही आपल्या भाषेत नेमके शब्द आहेत. कोतवाल आणि वेडा राघू टेहळणीच्या जागेवर बसून झेप घेतात आणि किडा झेलतात. पाकोळी हवेत फिरता फिरताच किडे गिळते. रातवा संध्याकाळी तोंड पसरून उडतो. त्याच्या तोंडाची फट इतकी रुंद असते की पतंग सहज आत जातो. सुतार साल ठोकून आतल्या अळ्या काढतो. हुदहुद लांब चोच मातीत खुपसून उकरतो. लहान वटवटे पानांच्या खालच्या बाजूने अळ्या वेचतात. गायबगळा गुरांच्या पायांजवळ चालतो आणि खुरांनी उठवलेले किडे टिपतो. झेलणे, गिळणे, ठोकणे, उकरणे, वेचणे, टिपणे. योग्य क्रियापद सापडले की चोचीचा आकार का तसा आहे, हे आपोआप कळते. शब्द नेमका नसेल तर नजरही ढिली पडते.

पण शब्द फसवतातही. १८६७ साली रुरकीच्या थॉमसन कॉलेजच्या छापखान्यातून जर्डन यांचा ‘मॅमल्स ऑफ इंडिया’ हा सस्तन प्राण्यांवरचा ग्रंथ निघाला. त्यात कीटकभक्षी असा स्वतंत्र गण आहे. चिचुंद्री त्याच गणातली. आपण तिला उंदीर समजतो. शास्त्रज्ञांनी दिलेल्या लॅटिन नावातही उंदरासारखी असा शब्द आहे. प्रत्यक्षात ती उंदीर नव्हे. तिचे तोंड निमुळते, दात बारीक टोकदार, अंगाला उग्र वास, आणि मुख्य आहार झुरळे व किडे. बॅरकमध्ये चिचुंद्री दिसली की काठी घेऊन धावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. ती आपल्याच बाजूने लढते आहे.

खवल्या मांजराची गंमत तर याहून मोठी. मराठीत त्याला मांजर म्हणतात. हिंदीत त्याचे जुने नाव वज्रकीट, म्हणजे चक्क कीटक. तो ना मांजर, ना कीटक. तोंडात एकही दात नाही, लांब चिकट जीभ वारुळात घालून तो मुंग्या आणि वाळवी खातो. दात नसल्यामुळे त्या काळी त्याला दंतहीन प्राण्यांच्या गटात टाकले होते. आज त्याचा स्वतंत्र गण आहे.

जर्डन यांच्या काळातला तो कीटकभक्षी गणही आता मोडला आहे. त्यात घातलेली, झाडावर राहणारी आणि खारीसारखी दिसणारी मद्रास ट्री श्रू आज वेगळ्या गणात गेली आहे. जनुकांचा अभ्यास सुरू झाल्यावर कळले की सारखे खाणे म्हणजे सारखे कूळ नव्हे. कीटकभक्षी हे कामाचे नाव आहे, घराण्याचे नाही. एका मेसमध्ये जेवणारे सगळे सख्खे भाऊ नसतात! मात्र गण बदलले तरी जर्डन यांची निरीक्षणे बदलावी लागली नाहीत. प्राणी कुठे दिसला, काय खात होता, लोक त्याला काय म्हणत होते, हे आजही तसेच उपयोगी पडते. मते जुनी होतात, प्रामाणिक नोंद जुनी होत नाही.

१८६८ साली जर्डन निवृत्त झाले. तेव्हा ते रुग्णालयांचे डेप्युटी इन्स्पेक्टर जनरल होते. पुढे ते इंग्लंडला परतले. १८७१ साली डार्विन यांनी मानवाच्या उत्पत्तीवरील आपल्या ग्रंथात जर्डन यांच्या पक्षीग्रंथाचा अनेक ठिकाणी आधार घेतला. त्याच्या पुढच्या वर्षी, १२ जून १८७२ रोजी, लंडनजवळ अप्पर नॉरवुड येथे वयाच्या साठाव्या वर्षी जर्डन वारले.

आता राहिलेली कथा. जर्डनचा धाविक १९०० साली अनंतपूर भागात दिसला आणि मग दिसेनासा झाला. पिढ्यामागून पिढ्या गेल्या, तो नामशेष झाला असेच मानले गेले. जानेवारी १९८६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांना तो आंध्र प्रदेशात कडप्पाजवळच्या लंकमलाईच्या झुडपी रानात पुन्हा मिळाला. पण सर्वांत आधी त्याला ओळखले कोणी? रात्री विजेरी घेऊन पक्षी पकडणाऱ्या तिथल्याच एका माणसाने. पुस्तकवाल्यांच्या लेखी जो पक्षी संपला होता, तो त्या रानातल्या माणसाच्या ओळखीचा होता. आज तेलुगूत त्याला कलिविकोडी म्हणतात, म्हणजे करवंदीच्या जाळीतली कोंबडी. त्या पक्ष्यामुळे ते रान अभयारण्य झाले.

जर्डन यांनाही अशाच लोकांनी रानवाटा दाखवल्या, पक्षी आणून दिले, नावे सांगितली. त्यांतल्या बहुतेकांची नावे आपल्याला माहीत नाहीत. पण त्यांचे शब्द पुस्तकात राहिले.

आज तेच शब्द हरवत चालले आहेत, ही माझी खरी चिंता आहे. मी वर्गात विचारतो तेव्हा तारेवर बसलेला प्रत्येक पक्षी बहुतेक मुलांसाठी चिमणी तरी असतो किंवा कावळा तरी. पाटनला वाटाण्यावर औषध फवारले जाते. अळी मरते, आणि अळीवर जगणाऱ्यांची शिदोरीही जाते. दुसरीकडे कृषी अधिकारी हरभऱ्याच्या शेतात इंग्रजी टी आकाराचे पक्षीथांबे लावायला सांगतात, म्हणजे कोतवाल आणि साळुंक्या त्यावर बसून घाटे अळी टिपतील. हा सल्ला चांगलाच आहे. पण ज्याला कोतवाल ओळखताच येत नाही, तो त्याच्यासाठी काठी तरी कशाला रोवील? नाव गेले की ओळख जाते, आणि ओळख गेली की तो पक्षी कमी झाला हेदेखील कोणाच्या लक्षात येत नाही.

जर्डन यांच्या काळी ओळख पटवायला पक्षी बंदुकीने टिपावा लागे. आज दुर्बीण आहे, कॅमेरा आहे, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांची शिकार करता येत नाही. तेव्हा टिपण्याचा तो अर्थ रेंजपुरता ठेवू आणि वहीचा अर्थ रोजच्या वापरात आणू.

यासाठी कॅडेटना एक काम देतो. सकाळच्या पी.टी.नंतर किंवा संध्याकाळच्या खेळानंतर दहा मिनिटे काढा. एखादा किडे खाणारा प्राणी पाहा, मग तो पक्षी असो, पाल असो की चतुर. तारीख, वेळ, जागा, तोंडाचा किंवा चोचीचा आकार आणि किडा पकडण्याची पद्धत, एवढे लिहा. पद्धतीसाठी नेमके क्रियापद शोधा. पालकांना विनंती अशी की, मुले सुट्टीत घरी आली की त्यांना आजी-आजोबांजवळ बसवा आणि त्या प्राण्याचे गावाकडचे नाव विचारायला सांगा. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, बुंदेली, कोणत्याही बोलीतले चालेल.

सुट्टीनंतर आलेल्या नोंदी मी स्वतः तपासणार आहे. नोंदीखाली नाव सांगणाऱ्या व्यक्तीचेही नाव लिहा. जर्डन यांच्या काळी ते बहुधा राहून गेले, आपण ते राहू देणार नाही.